रेषेवरचा चहा

चहा गाळून झाला, कपबश्या बाहेरच्या खोलीत गेल्या, की ओट्यावर गाळणी तेवढी मागे राहते. तिच्यातल्या पत्तीतून अजून वाफ निघत असते. त्या वाफेला एक वास असतो, कोमट, ओलसर, किंचित तुरट, आणि कपातल्या चहाला तो कधी येत नाही. कपातल्या चहावर दुधाचा हक्क असतो, आल्याचा असतो, साखरेचा तर असतोच. गाळणीतली पत्ती मात्र सगळ्यांचं देणं फेडून मोकळी झालेली असते, आणि त्या मोकळेपणात तिचा स्वतःचा म्हणून जो काही वास उरतो तो घटकाभर राहून जातो. स्वयंपाकघरात एकटी असले की मी अजूनही गाळणी नाकाशी नेते. घरातले हसतात. हसू देत.

ही सवय आत्याची. चहा गाळला की ती गाळणी ओट्यावर न ठेवता खिडकीत ठेवायची. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेकडे होती, आणि शाळा सुटून आत्या घरी यायची त्या वेळी समोरच्या घरांच्या गच्च्यांवरून येणारं पिवळं ऊन खिडकीच्या गजांमधून आत उतरलेलं असायचं, हंड्यावर, फडताळाच्या दारावर, ओट्याच्या कडेवर. त्या उन्हात पत्ती तांबूस दिसायची. आत्या वाकून वास घ्यायची, डोळे मिटायची आणि काहीतरी पुटपुटायची. मग पत्ती निवल्यावर पाण्यानं धुवायची, कारण साखर राहिली तर मुंग्या लागतात, आणि गच्चीवरच्या गुलाबांच्या कुंड्यांत नेऊन घालायची. आमच्या गुलाबांनी जितका चहा खाल्ला तितका फ्रीगंजात कुणाच्या गुलाबांनी खाल्ला नसेल.

फ्रीगंज म्हणजे रुळांच्या अलीकडचं उज्जैन. महाकाळ, गोपाळ मंदिर, क्षिप्रेचे घाट, एकमेकींत शिरलेल्या गल्ल्या, हे सगळं पुलापलीकडे. अलीकडे शिंदे सरकारच्या काळात आखून वसवलेली आमची वस्ती, कागदोपत्री माधवनगर, बोलण्यात फ्रीगंज, रुंद सरळ रस्त्यांची आणि मधोमध टॉवरची. पुलापलीकडचे लोक आम्हाला जरा नवखे समजत, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलूनही ‘चहाची पूड’ न म्हणता ‘चायपत्ती’ म्हणणारे आम्ही पुण्याच्या नातेवाइकांनाही जरा नवखेच वाटत असू. दोन्हींकडून थोडे परके असण्यात एक सुख असतं. कुणी फार अपेक्षा ठेवत नाही.

आजीचा चहा ठरलेला होता. म्हशीचं सायीचं दूध, ठेचलेलं आलं, गच्चीवरच्या कुंडीतला गवती चहा, साखर हात सैल सोडून, आणि टॉवरजवळच्या दुकानातून कागदाच्या पुड्यात बांधून आणलेली खुली, दाणेदार पत्ती. ती उकळी फुटून वर येई, आजी पातेलं उचलून खाली बसवी, पुन्हा वर येई, पुन्हा बसवी. त्या दाण्यांनाही एक इतिहास आहे. आसामातल्या आमगुरी बागेत 1930 च्या सुमाराला विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडणारं, फाडणारं आणि वळणारं यंत्र बसवलं, आणि लांब मुरडलेल्या पानांच्या जागी बारीक गोळ्या आल्या. त्या लवकर रंग सोडतात, कमी लागतात, दुधापुढे हार मानत नाहीत. आपल्याकडचा घरोघरीचा आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचा चहा त्या यंत्राच्या जोरावर उभा आहे. आजीला हे ठाऊक नव्हतं आणि तिचं काही अडलंही नाही. तिच्या पातेल्यात कुठल्याही मुलखाची पत्ती पडली तरी बाहेर एकच चहा यायचा. तो चांगलाच असायचा. मी त्याला नावं ठेवणार नाही.

मग आत्याचं पोट बिघडलं आणि डॉक्टरांनी दूध बंद केलं.

एवढंच झालं. मोठं काही नाही. पण आमच्या घरात चहाचा भूगोल त्या दिवसापासून सुरू झाला. आत्या मुलींच्या शाळेत भूगोलच शिकवायची, आणि इतकी वर्षं फळ्यावर ‘चहा : उतारावरची निचऱ्याची जमीन, भरपूर पाऊस’ असं लिहीत आलेली बाई आता पहिल्यांदाच कोरा चहा पीत होती. पहिले काही दिवस ती नुसती तोंड वेडंवाकडं करायची. दाणेदार पत्तीचा कोरा चहा जिभेला ओढून धरतो, त्याला दूधच हवं असतं. मग तिनं दुकानदाराला विचारलं, लांब पानाची पत्ती आहे का. दुकानदार म्हणाला, “मॅडम, वो कौन पिएगा यहाँ?” आत्या म्हणाली, मी पिणार. आणि त्यानं मागच्या फळीवरून, धूळ झटकत, आसामचा एक पुडा काढला.

तो चहा मला आठवतो. पाण्याला उकळी आणून आत्यानं विस्तव बंद केला, पत्ती घातली, बशी झाकली आणि गप्प बसून राहिली. आम्हाला सवय उकळण्याची. हे असं झाकून वाट बघणं आजीला आजारपणाचं लक्षण वाटलं. बशी काढली तर गडद तांबडा चहा, आणि गाळणीत काळपट तपकिरी, रुंद, मऊ झालेली पानं. आत्यानं वाकून वास घेतला. म्हणाली, “ह्यात सखल जमीन आहे.”

ती वास असाच सांगायची. कुणी गोड म्हणेल, कुणी उग्र म्हणेल. आत्या जमीन सांगायची. ब्रह्मपुत्रेच्या दोन्ही काठांची ती सपाट, दमट, पुरानं गाळ आणून टाकलेली भूमी तिनं पाहिलेली नव्हती. पण जूनच्या सुमाराला, ऊन आणि पाऊस एकमेकांवर चढलेले असताना खुडलेल्या दुसऱ्या बहराच्या पानात जो जड, भरीव, जवळजवळ चावता येईल असा वास असतो, त्यात तिला ती भूमी दिसे. जोरहाटला आपल्यापेक्षा सव्वा तास आधी सूर्य उगवतो, ती सांगायची, म्हणून तिथल्या मळ्यांमध्ये घड्याळंही एक तास पुढे लावतात, बागान टाइम म्हणतात त्याला. सकाळी सहाला मी डोळे चोळत असताना ती म्हणायची, “तिकडे बायका टोपल्या घेऊन कधीच्याच कामाला लागल्यात, ऊठ.” मला उठवायला तिला आख्खं आसाम लागायचं.

हळूहळू डबे जमले. आत्याच्या जुन्या विद्यार्थिनी देशभर नांदत होत्या, कुणाचा नवरा फौजेत, कुणाचा रेल्वेत, आणि दिवाळीला माहेरी आल्या की बाईंना भेटायला येताना मिठाईऐवजी पत्ती आणू लागल्या. सिलिगुडीहून दार्जिलिंगचा चहा आला. उघडताच आजी म्हणाली, हा कच्चाच राहिलाय. तसा तो दिसतोच. मार्चमधल्या पहिल्या बहराचं पान काळं म्हणायचं तेही मान ठेवून, त्यात हिरवट छटा असते, आणि चहा उतरतो तो फिकट सोनेरी. डॉक्टर कॅम्बेल यांनी 1841 मध्ये दार्जिलिंगला आपल्या बंगल्याच्या आवारात चिनी बी रुजवलं, त्या लहान पानाच्या, थंडी सोसणाऱ्या झुडपांचा हा वंश. गाळणीतली पानं उलगडली तर अख्खी पानं निघाली, देठासकट, कडेच्या दात्यांसकट. मी ती बशीत पसरून मोजत बसले. आत्यानं वास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “उतार. आणि गार दगड.”

दुसऱ्या बहराचा दार्जिलिंग तिला जास्त आवडायचा, आणि त्याचं कारण सांगताना ती शाळेतल्यासारखी खडू धरल्याचे हातवारे करायची. मे-जूनमध्ये तिथल्या पानांवर तुडतुडे येतात, हिरवे, एवढेसे, पानातला रस शोषणारे. पान त्या जखमेला उत्तर म्हणून आतल्या आत काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि पिकल्या द्राक्षांची आठवण करून देणारा जो वास जगभर नावाजला जातो तो तिथून येतो. आमच्या गुलाबांवरही कीड यायची. आत्या राखुंडी टाकताना त्यांना समजावायची, बघा, काही शिका.

श्रीलंकेचा चहा आला तेव्हा आजीनं तो आधी ओळखला, म्हणजे नावावरून. सिलोन म्हटल्यावर तिला रेडिओ आठवला, बुधवारची रात्र आणि गीतमाला, खरखरीतून येणारा तो आवाज. तिथे आधी कॉफी होती. 1869 मध्ये तांबेरा पडला, मळेच्या मळे झडले, आणि त्याआधी दोनच वर्षं जेम्स टेलर नावाच्या एका स्कॉटिश माणसानं लुलकंदुरा इथं लावलेली थोडीशी चहाची झुडपं सगळ्या बेटाला तारून गेली. लखलखीत केशरी चहा. “ह्यात वारा आहे,” आत्या म्हणाली. तो उवाचा होता, जिथं जुलै ते सप्टेंबर कोरडा वारा डोंगर ओलांडून येतो आणि पानातला ओलावा आटवून वास घट्ट करतो. आणि एकदा, कुणाच्या तरी परदेशातल्या मुलाकडून, चीनमधल्या वुयी डोंगरांतला तो धुरावर वाळवलेला चहा आला, लापसांग सूचाँग. डबा उघडल्याबरोबर आजी स्वयंपाकघरात धावली. काहीतरी लागलंय म्हणून. पाइनच्या लाकडाच्या धुराचा तो वास चार दिवस फडताळातून जाईना, आणि शेजारच्या डब्यातला रवादेखील धुरकट झाला. तो डबा मग गच्चीवरच्या खोलीत हद्दपार झाला.

त्या चिनी डब्यावरून आत्यानं एका संध्याकाळी जे सांगितलं ते मी विसरू शकलेले नाही. चहा पिकत नसलेल्या आमच्या माळव्याचं चहाशी नातं काय, असं मी सहज विचारलं होतं. ती म्हणाली, “आपणच तर त्याचे पैसे दिले.”

इंग्लंडला चिनी चहाचं वेड लागलं होतं आणि चीनला इंग्लंडचं काहीच नको होतं, चांदीखेरीज. चांदी वाहून चालली, म्हणून अफू. कंपनीची अफू बंगाल-बिहारातली. पण दुसरी, तिच्या हाताबाहेरची, माळव्याची होती, शिंद्यांच्या आणि होळकरांच्या मुलखातली, आणि तिची मोठी बाजारपेठ होती आमचं उज्जैन. काळ्या कपाशीच्या जमिनीत पांढरी फुलं येत, बोंडांना चिरा देत, चीक गोळा होई, गोळे वळले जात, पेट्या भरत. कंपनीनं आधी ती अडवायला बघितलं. माल आडवाटांनी दमणला जाई. मग 1830 नंतर तिनं शहाणपण केलं, पेटीमागे कर घेऊन ती मुंबईच्या वाटेनं जाऊ दिली. तिथून कँटन. कँटनहून चहा.

आणि 1839. जानेवारीच्या 10 तारखेला लंडनमध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला, पेट्या फक्त 8. त्याच वर्षी जूनमध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्यानं परदेशी व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांवर पेट्या चुना आणि मीठ टाकून समुद्रकाठी नष्ट केल्या. त्यांत माळव्याच्याही होत्या. त्यातून युद्ध पेटलं. आत्याचा आवाज हे सांगताना चढला नाही, उतरलाही नाही. ती फक्त कप हातात धरून बसून होती आणि कपातला चहा निवत होता. मंदसौर-नीमचकडे अजूनही सरकारी परवान्यानं अफू पिकते. फाल्गुनाच्या तोंडावर त्या बाजूनं गाडी गेली की दोन्ही हातांना पांढरी शेतं दिसतात, फार सुंदर दिसतात. मला त्या सौंदर्याकडे त्या संध्याकाळनंतर सरळ बघता आलेलं नाही. आणि चहा? तो मी पीतच राहिले. मनुष्य असाच असतो, की मीच अशी आहे, कोण जाणे.

पण आत्याच्या मर्मबंधातले चहा हे नव्हेत. ते दोन निराळे, आणि दोन्ही तसे गरीब, दार्जिलिंगच्या तोऱ्यापुढे बिचकून असणारे.

उज्जैनच्या मास्तरणीला एक गर्व असतोच. आपल्या जुन्या ज्योतिषशास्त्रानं जगाची मध्यरेषा आमच्या गावातून नेली. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, अशी दक्षिणोत्तर. आत्या दर वर्षी 21 जूनला मुलींना क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत नेई, भर दुपारी शंकूची सावली नाहीशी होताना दाखवायला. मलाही नेई. चटके बसणाऱ्या फरशीवर आम्ही उभ्या, सावली आखडत आखडत शंकूच्या पायाशी जाऊन मिळते आणि क्षणभर कुठंच नसते, आणि आत्या हलक्या आवाजात म्हणते, “बघा, आपल्या डोक्यावर आलाय.” जणू सूर्याला यायला तिनंच सांगितलं होतं.

तर एका सुट्टीत तिनं नकाशाच्या वहीवर फूटपट्टी ठेवली. उज्जैनवर एक टोक. वर सरकत गेली, तर जेमतेम एक अंश पूर्वेला, धौलाधारच्या पायथ्याशी, कांगडा. खाली सरकत गेली, तर तेवढीच पूर्वेला, निलगिरी. उत्तरेला चहा, दक्षिणेला चहा, मध्ये आम्ही, चहा नसलेले. “लंकेचा चहा मात्र रेषेवर नाही,” ती म्हणाली, “ज्योतिष्यांची लंका वेगळी, ही खरी लंका पाच अंश बाजूला सरकलीय.” तिला याचा इतका आनंद झाला की संध्याकाळी तिनं जेवण केलं नाही, दोन्ही चहा करून प्यायली.

कांगड्याचा चहा ज्वालाजीला जाऊन आलेल्या शेजारणीनं प्रसादाबरोबर आणलेला. पालमपूरच्या बाजूला 1850 च्या आसपास चिनी बियांच्या बागा बसल्या, नाव झालं, आणि मग 4 एप्रिल 1905 च्या पहाटे धरणी हलली. हजारो माणसं गेली, कारखाने ढासळले, इंग्रज मळेवाले जमिनी विकून निघून गेले. झुडपं राहिली. तो चहा फिकट, पातळ, संकोची. वासही असा की गाळणी नाकाला लावावी तेव्हा कुठं येतो. आत्या त्याला ‘ह्यात बर्फाची दिशा आहे’ म्हणायची, बर्फ नव्हे, बर्फाची दिशा. निलगिरीचा चहा माझ्या शाळेच्या उटीच्या सहलीतून आला, माझ्याच पिशवीतून, आणि त्याच पिशवीत आजीच्या गुडघ्यांसाठी घेतलेली निलगिरी तेलाची बाटली होती. चहा दुसऱ्याचा वास चटकन उचलतो. पहिले कितीतरी दिवस तो चहा पिताना सर्दी झाल्यासारखं वाटायचं. पण तेल उडून गेल्यावर खालून जो वास वर आला तो मोकळा होता, फुलांच्या जवळ जाणारा. तिथं बारा महिने खुडणी चालते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या दहिवराच्या रात्रींनंतर खुडलेलं पान सगळ्यांत सुगंधी. “ह्यात समुद्र फार लांब नाही,” आत्या म्हणाली. नकाशात बघितलं. खरंच फार लांब नव्हता.

आत्या गेली त्याला आता बराच काळ झाला. डबे राहिले. प्रत्येकावर तिच्या किरट्या अक्षरात चिठ्ठी, गावाचं नाव आणि त्याखाली अक्षांश-रेखांश. पत्ती जुनी झाली की वास हरवते, हे मला माहीत आहे, तरी ते डबे टाकवले नाहीत. एका डब्यावरची चिठ्ठी मात्र ओल येऊन पुसली होती. रेखांशाचे आकडे दिसत होते, 76 आणि पुढे काहीतरी. अक्षांश गेलेला.

गेल्या दिवाळीत फ्रीगंजला सगळे जमलो होतो तेव्हा मी तो उघडला. आधण ठेवलं, बशी झाकली, आणि वहिनी आणि मी गाळणीवर डोकी लावून उभ्या. वहिनी म्हणाली, निलगिरी, फुलांचा वास येतोय. मी म्हणाले, कांगडा, इतका बुजरा दुसरा कुठला असणार. ती म्हणाली, जुना झाल्यावर सगळेच बुजरे होतात. पानं बशीत पसरून झाली. लहान पानं होती, म्हणजे चिनी वाण, म्हणजे कांगडा, असं मी म्हणाले. निलगिरीतही चिनी वाण आहे, असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं. आवाज वाढले. दादा वर्तमानपत्र ठेवून आत आला, दोघींचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, मग आपल्या कपात चांगलं पळीभर सायीचं दूध ओतलं, दोन चमचे साखर टाकली, ढवळून एक घोट घेतला.

“आता सांगा,” तो म्हणाला, “कुठला?”

“फ्रीगंजचा,” वहिनी म्हणाली, आणि त्याच्या हातातून कप काढून घेतला.